स्लिप-ऑन फ्लँज की वेल्ड नेक ते नंतर, आधी बोअर लिहा

तुमचं व्हेसल (दाबाची टाकी) १२ बार, २०० अंशांचं, रोज तापणार-निवणार, करोजन अलाउन्स (गंजासाठी धरलेली जादा जाडी) ३ मिमी, नोझल (टाकीला पाइप जोडायचं तोंड) ६ इंची शेड्यूल ८०; शेड्यूल म्हणजे पाइपच्या जाडीचा आकडा. आणि पर्चेस म्हणतंय नोझलला स्लिप-ऑन फ्लँज घ्या, म्हणजे पाइपवर सरकवून वेल्ड करायची बोल्टची चकती. स्वस्त पडतो, खरंय. पण दोन फिलेट (कोपऱ्यातले वेल्ड) आले, त्यांची रेडिओग्राफी (एक्स-रे तपासणी) जमत नाही, मधे फट राहते आणि रोजच्या ताणाने भेग तिथूनच निघते. कूलिंग वॉटरला खुशाल वापरा. इथे वेल्ड नेकच, ज्याची मान (हब) पाइपच्या टोकाला टोक लावून वेल्ड होते.

खरा घोळ पुढे आहे. ड्रॉइंगवर ‘६ इंच, क्लास १५०, वेल्ड नेक’ एवढंच असतं (क्लास म्हणजे फ्लँजच्या दाबक्षमतेचा गट). बोअर (आतला व्यास) लिहिलेला असला तरी पर्चेसवाले ऑर्डर टाइप करताना गाळतात. सप्लायर स्टॉकमधला शेड्यूल ४० चा पाठवतो. बाहेरून दोन्ही १६८.३ मिमी, त्यामुळे स्टोअरमध्ये कोणाला पत्ता लागत नाही. फिटअपला (वेल्डसाठी जुळवताना) दिसतं: हबची जाडी ७.११, पाइपची १०.९७, आत ३.८६ मिमीची पायरी. मग साइटवरचा कोणी शहाणा ‘पाइप आतून ग्राइंड करा’ म्हणतो. १:३ चा टेपर दिलात की कोडची टेपरची अट पुरी होते, पण जॉइंटपाशी जाडी ७.११ च. गंजाचे ३ गेले, उरले ४.११. दाबाला तेवढं पुरेलही, पण पाइपिंगच्या लोडचं काय? शेड्यूल ८० घेतला होता कशाला मग?

लहान बोअर लेथवर वाढवता येतो, मोठा झालेला कमी होत नाही. म्हणून ऑर्डरच्या ओळीतच ‘बोअर १४६.३ मिमी’ लिहा आणि माल उतरवतानाच हबच्या तोंडाला व्हर्नियर लावा. पंचिंगवर (फ्लँजवर ठोकलेल्या आकड्यांवर) विसंबू नका.

क्लासचंही बघा. ए १०५ या कार्बन स्टीलचा क्लास १५० थंडीत १९.६ बार घेतो, २०० अंशांना १३.८ च. त्यात स्टॅटिक हेड (आतल्या द्रवाच्या उंचीचा दाब) आणि पाइपिंगचा ओढा धरा. मी असतो तर ३०० घेतला असता. मात्र समोरचा फ्लँजही ३०० च लागेल, कारण ६ इंचीला १५० मध्ये ८ बोल्ट, ३०० मध्ये १२. अर्थात कॅल्क्युलेशन तुमच्या डिझायनरचं आणि क्लायंटचं स्पेसिफिकेशन वेगळं सांगत असेल तर तेच पाळा.

२ इंची नोझलना लाँग वेल्ड नेक (लांब मानेचा एकसंध फ्लँज) घ्या, पाइप-फ्लँजचा जॉइंटच उरत नाही. लांबी ठरवताना इन्सुलेशन धरा, नाहीतर स्टड (बोल्ट) मागून निघत नाही आणि मेंटेनन्सवाले दर शटडाउनला क्लॅडिंग (इन्सुलेशनवरचा पत्रा) फाडतात.