माशाच्या डोळ्यात फूल पडलं? पुडी फोडू नका

निफाडहून एका भाऊंनी विचारलंय: "वजन बघायला शेततळ्यात जाळं ओढलं. तिसऱ्या दिवशी तीस-चाळीस कटल्यांच्या डोळ्यात फूल पडल्यासारखं दिसतंय. दुकानदाराने अँटिबायोटिकची पावडर आणि डोळ्याचं टॉनिक दिलंय. किती टाकू?" येवल्याच्या ताईंचा प्रश्न त्याच्या शेजारचाच: "मुलगा म्हणतो माशाचा डोळा आतून परत तयार होतो. खरं असेल तर औषध कशाला?"

भाऊ, काहीही टाकू नका. ताई, मुलगा बरोबर सांगतोय, पण अर्धंच.

माशाच्या डोळ्याच्या आतला पडदा, ज्यावर उजेड पडून दिसतं तो, इजा झाली तरी नव्याने भरून येतो. या पडद्यात आरपार उभ्या म्युलर पेशी असतात. एरवी त्या शेजारच्या पेशींना आधार देतात, त्यांचा कचरा उचलतात. इजा झाली की त्या पुन्हा कोवळ्या होतात आणि दुभंगतात. एक भाग म्युलर पेशीच राहतो, दुसऱ्यापासून नवी रोपं निघावीत तशा पेशी वाढतात आणि मेलेल्यांच्या जागी जाऊन बसतात. झेब्रा माशावर हे बारकाईने तपासलं गेलंय. उजेड टिपणाऱ्या पेशी जळाल्या तर साधारण तीन-चार आठवड्यांत भरून येतात. गोल्डफिशमध्येही पडदा असाच भरतो. दोन्ही मासे आपल्या रोहू-कटल्याच्या गोतावळ्यातले. म्युलर पेशी माणसातही आहेत, पण तिथे त्या बहुतेक वण धरून बसतात.

आता उरलेलं अर्धं. फूल पडतं ते डोळ्याच्या पुढच्या काचेवर. आतला पडदा वेगळा. बाहेरून पांढरं दिसतं म्हणून आतलं गेलं असं नाही, आणि आतलं भरतं म्हणून सडलेला डोळाही भरेल असं नाही. जाळ्याने खरचटलेली काच स्वच्छ पाण्यात बरीचशी निवळते. डोळा लाल होऊन बाहेर आला, गळायला लागला, तर तो जंतूंचा आजार. कटल्यात तो ओळखीचा आहे. असा मासा काढून लांब पुरा. जाळं न ओढताच बरेच मासे असे दिसले, तर जिवंत मासा आणि पाण्याची बाटली घेऊन मत्स्यव्यवसाय कार्यालयात जा. दुकानात नाही.

दृष्टी गेली का, हे काठावरून कळतं. ऊन पाठीशी घेऊन तळ्यावर हाताची सावली टाका. डोळस मासा दचकून खाली जातो. दोन्ही डोळ्यांनी आंधळा झालेला बाकीच्यांपेक्षा काळपट दिसतो, कारण भोवतालच्या उजेडाशी अंगाचा रंग जुळवायला त्याला डोळे लागतात.

पुडीबद्दल स्पष्ट बोलतो. क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान ही जंतुनाशक औषधं खाण्याच्या माशांना बंद आहेत. पुडीवर नाव नसेल तर ती आणखीच नको. त्यातून तुमच्या तळ्याचं पाणी ठिबकने द्राक्षबागेत जातं, निर्यातीच्या मालाचा नमुना तपासला जातो, हे दुकानदाराला तुमच्याआधी आठवायला हवं होतं.

औषध बरोबर असलं तरी मात्रा चुकते, हे मी तळ्यामागून तळ्यावर पाहिलंय. ३० बाय ३० बाय ३ मीटरचं, एकास एक उताराचं तळं तुडुंब असताना त्यात २,१९६ घनमीटर पाणी असतं. मे महिन्यात मीटरभर उरलं की ६२५. दुकानदार मात्रा देतो तळ्याच्या मापाने, पाण्याच्या नाही. म्हणजे साडेतीनपट डोस. आधी काठी घालून पाणी मोजा. पाणी मोजल्याशिवाय पोटॅशियम परमँगनेट नाही, चुनाही नाही. प्लास्टिकच्या तळ्यात तर चुना जपूनच: सामू (पीएच) चढला की पाण्यातला अमोनिया जास्त विषारी होतो.

टॉनिक आणि स्टेरॉइडचे थेंब तर नकोतच. मेलेल्या पेशी उचलायला येणाऱ्या संरक्षक पेशी म्युलर पेशींना जागं करायला मदत करतात. डेक्सामेथासोन हे या संरक्षक पेशींना दाबणारं स्टेरॉइड. झेब्रा माशांना ते इजेच्या आधीपासून दिलं तेव्हा म्युलर पेशींचं काम मंदावलं. तेच इजेनंतर दिलं तेव्हा भरून येण्याचा वेग वाढला. एकच औषध, वेळ बदलली की परिणाम उलटा. ही वेळ गल्ल्यावर बसून कुणाला साधणार? वेळ कळत नसेल तर थेंब नको.

माझा आग्रह एकाच गोष्टीचा, दर हंगामात सांगतो: बिनगाठीचं जाळं घ्या. गाठीच्या नायलॉनमध्ये मासा वळला की पहिला घासतो तो डोळा. महाग पडतं हे मान्य, पण दोन-तीन शेजाऱ्यांनी मिळून एक घेतलं तरी भागतं. आदल्या दिवशी खाद्य बंद ठेवा, पहाटे गारव्यात ओढा, मासे हाप्यात (पाण्यात बांधलेल्या जाळीच्या पेटीत) ठेवा, हात ओले करूनच धरा. सोडण्याआधी १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम खडेमीठ, त्यात मिनिटभर बुडी. मासा कलंडला की लगेच बाहेर. पण या बुडीसाठी जखमी मासे पुन्हा जाळ्यात धरू नका. महिनाभर जाळंच नको.

द्राक्षछाटणीनंतर फवारणीच्या ब्लोअरची टाकी तळ्यावर धुणं बंद करा. बोर्डो या बुरशीनाशकातलं तांबं माशांना घातक आहे.

अनुदान: शेततळ्यासाठी महाडीबीटीवर अर्ज. मत्स्यपालनाला प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत सर्वसाधारण गटाला ४० टक्के, महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना ६०. ताई, अर्ज तुमच्या नावाने करा.

भाऊ, पुडी फोडली नसेल तर पावतीसकट आजच परत करा. फोडून टाकलीच असेल तर बागेचं ठिबक बंद ठेवा आणि रिकामी पुडी घेऊन मत्स्यव्यवसाय कार्यालयात जा.