जागलीसाठी शेतात पिटबुल ठेवला तर बंदी आहे का?

नाही, पिटबुलसह कुत्र्यांच्या २३ जातींवर बंदी घाला असं केंद्र सरकारनं राज्यांना पत्र लिहिलं होतं, पण त्यामुळे तुमचा पिटबुल बेकायदा ठरत नाही. १२ मार्च २०२४ चं ते पत्र कर्नाटक आणि दिल्ली उच्च न्यायालयांनी त्याच एप्रिलमध्ये रद्द केलं. संबंधितांशी सल्लामसलत न करता ते काढलं होतं. तिथं बंदीला विरोध करणाऱ्या प्राणीप्रेमी संस्थांची बाजू मला पटते. जात बघून कुत्रा धोक्याचा ठरत नाही. पशुवैद्यकीय दवाखान्यात काम करतो, आमच्याकडे चावा घेतलेली बकरी येते ती बहुतेक गावठी कुत्र्यांच्या टोळीनं फाडलेली असते, मानेला आणि मांडीला.

पण याच संस्थांवर माझा राग आहे तो वेगळ्या कारणासाठी. जातीच्या यादीवर कोर्टात भांडायला त्या तयार, आणि आमच्या तालुक्यात नसबंदीचं एक शिबिर घ्यायला कोणी येत नाही. केंद्राच्या २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांप्रमाणे मोकाट कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण स्थानिक स्वराज्य संस्थेनं करायचं, ग्रामपंचायतही त्यात आली. तिच्याकडे ना डॉक्टर, ना पिंजरे. तेव्हा मदत इथं हवी.

एक मात्र ध्यानात ठेवा, बंदी नाही म्हणजे जबाबदारी नाही असं नव्हे. रानडुकरांसाठी धुऱ्यावर मोकळा सोडलेला कुत्रा निंदणाच्या बायांना चावला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. रेबीजची लस दरवर्षी टोचा, कार्ड जपून ठेवा.