थंडीआधी सॉल्ट सेल काढून घरात ठेवा

न्यू जर्सीत हिवाळ्यासाठी स्विमिंग पूल बंद करायची ही तुमची पहिलीच वेळ, म्हणून सांगतो: सगळ्यात जास्त जपायचा तो सॉल्ट सेल, म्हणजे खाऱ्या पाण्यातून क्लोरीन बनवणारा यंत्राचा भाग. पाणी खारं आहे, गोठणार नाही, असं अजिबात समजू नका. पुलात मीठ लिटरला साधारण ३ ग्रॅम, समुद्रात ३५. एवढ्याशा मिठाने गोठणबिंदू पाव अंशही खाली येत नाही. सेलमध्ये अडकलेलं पाणी गोठलं की कवच तडकतं.

पाणी १० ते १५ अंश सेल्सिअसपर्यंत उतरलं की बहुतेक यंत्रं क्लोरीन बनवणं थांबवतात. तेव्हापासून द्रव क्लोरीन हाताने टाका.

सेल काढताना आधी ब्रेकर बंद. मग उजेडाकडे धरून आत बघा. क्षारांचा पांढरा थर नसेल तर ॲसिड वापरूच नका. टायटॅनियमच्या पट्ट्यांवरचा मुलामाच क्लोरीन तयार करतो आणि ॲसिडच्या प्रत्येक धुण्यात तो थोडा झिजतो. दरवर्षी सवयीने ॲसिड ओतणारे लोक महागडा सेल लवकर मारतात, हे बघून खरंच वाईट वाटतं. थर असेल तर आधी पाण्याचा फवारा. नाहीच निघाला तर चार भाग पाण्यात एक भाग म्युरिॲटिक (हायड्रोक्लोरिक) ॲसिड. ॲसिड पाण्यात ओतायचं, उलटं कधीच नाही. हातमोजे आणि चष्मा घालून, मोकळ्या हवेत. हे मिश्रण सेलमध्ये भरा, फेस थांबला की लगेच धुवा. स्क्रू ड्रायव्हरने खरवडू नका.

सेलच्या जागी डमी पाइप, म्हणजे त्याच मापाचा रिकामा पाइप, बसवा. फ्लो स्विचही (पाणी वाहतंय का हे ओळखणारा) काढता येत असेल तर घरात आणा. वसंतात पाणी कोमट झाल्यावर, मीठ मोजून, मगच सेल सुरू करा.