चाली येतात, पण डाव कसा शिकवावा?

प्रश्न : यवतमाळ जिल्ह्यातील एका खेड्यातील जिल्हा परिषद शाळेत मी शिक्षिका आहे. तिसरी-चौथीच्या मुलांना बुद्धिबळातील चाली येतात. परंतु दिसेल ती सोंगटी मारणे, एवढेच ती करतात. त्यांना डावपेच कसे शिकवावेत?

उत्तर : या वयात मारण्याचा मोह स्वाभाविक आहे, त्यामुळे आरंभीच्या चाली पाठ करून घेण्याची घाई मुळीच करू नये. आधी पटावर दोन्ही बाजूंची केवळ आठ-आठ प्यादी मांडावीत आणि ज्याचे प्यादे प्रथम शेवटच्या ओळीत पोहोचेल तो जिंकला, असा नियम ठेवावा; यातून कोणते प्यादे मारावे, कोणते सोडून पुढे जावे आणि कोणाची वाट अडवावी, हा विचार मुले आपणहून करू लागतात. मग सोंगट्यांचे मोल सांगावे : प्यादे १, घोडा व उंट प्रत्येकी ३, हत्ती ५, वजीर ९. प्याद्याच्या लोभात वजीर गेला, तर तोट्याचा हिशेब मुलांकडूनच करून घ्यावा. नागपूरच्या दिव्या देशमुख यांनी २०२५ मध्ये महिला विश्वचषक जिंकला, हे मुलींना आवर्जून सांगा. मला सर्वांत मोलाची वाटते ती सवय म्हणजे, हात पटाकडे नेण्याआधी ‘समोरच्याने ही चाल का केली?’ असे मोठ्याने विचारणे. घड्याळ लावून खेळणे मात्र सध्या टाळावे.