उतारशाळेचा रक्षक

या पंधरवड्यात आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे एकाच गाठीभोवती फिरणारी निघाली, म्हणून बाकीची पुढच्या अंकासाठी राखून या चारांनाच जागा दिली आहे. पहिल्या पत्राचे उत्तर बरेच लांबले आहे, पण तो प्रश्नच तसा होता.

प्रश्न : मी शिरोळ तालुक्यातील एका गावात ग्रामपंचायत सदस्य आहे. आमचे घर तीन पिढ्यांपासून ख्रिस्ती. पूर ओसरल्यावर तलाठ्यांबरोबर पंचनाम्याला फिरताना आमच्या मंडळीतील, म्हणजे चर्चमधील, दोन कुटुंबांनी गळ घातली, ‘ताई, पाणी उंबऱ्यापर्यंतच आले होते, पण आत आले असे लिहून घ्या.’ त्याच दिवशी पक्षाच्या तालुक्यातील पुढाऱ्यांनी सात नावांची चिठ्ठी धाडली. उलट ज्यांची मागची भिंत खरोखर खचली ते कुटुंब भाडेकरू आहे, आणि निवडणुकीत त्यांनी उघडपणे माझ्याविरुद्ध काम केले होते. आपल्या माणसांना मदत करणे हाच आपला धर्म, असे मंडळीत सगळे म्हणतात. मी काय करायला हवे होते?

उत्तर : ताई, आपण काय केले ते पत्रात लिहिलेले नाही. प्रश्न विचारावासा वाटला, त्यावरून मी माझा अंदाज बांधला आहे.

‘माझा शेजारी कोण?’ हा प्रश्न एका शास्त्र्याने प्रभू येशूला विचारला होता आणि त्याचे उत्तर म्हणून आलेला चांगल्या शोमरोन्याचा दाखला लूकच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात आहे. यरुशलेमहून यरीहोला जाणारा एक वाटसरू लुटारूंच्या हाती सापडतो. याजक आणि मंदिराच्या सेवेतला लेवी त्याला पाहून वाटेच्या पलीकडून निघून जातात. आणि ज्यांच्याशी यहुद्यांचा रोटीव्यवहारही नव्हता त्या शोमरोनी समाजातला एक जण थांबतो, जखमांना तेल आणि द्राक्षारस लावतो, जनावरावर घालून त्याला उतारशाळेत नेतो. उपदेशात आपण बहुधा इथेच थांबतो. परंतु दाखला अजून दोन ओळी पुढे जातो. दुसऱ्या दिवशी शोमरोनी उतारशाळेच्या रक्षकाच्या हातावर दोन दीनार ठेवतो, याची काळजी घे म्हणतो आणि जास्त खर्च झाला तर परत येताना देईन असे सांगून आपल्या वाटेने जातो. त्या रक्षकाचे पुढे काय झाले हे कोणी विचारत नाही. मला मात्र राजकारणातल्या माणसासाठी सगळा दाखला त्या रक्षकापाशी येऊन थांबतो असे वाटते, कारण लोकप्रतिनिधी हा शोमरोनी नव्हे. तो उतारशाळेचा रक्षक आहे. पैसा त्याचा नाही, जखमी त्याने निवडलेला नाही, आणि पैसा देणारा हिशेब घ्यायला परत येणार आहे.

आपल्या स्वतःच्या कणगीतले दोन पायली तांदूळ मंडळीतल्या बहिणीला आधी दिले तर आपल्याला कोणी बोल लावणार नाही. पंचनाम्याच्या कागदावर सही करताना मात्र ती कणगी आपली राहत नाही. उंबऱ्यापर्यंत आलेले पाणी आत आले असे लिहिणे ही मदत वाटते, परंतु ती ज्याच्या खिशातून होते तो तिथे हजर नसतो आणि त्याने होकारही दिलेला नसतो. मंडळीतल्या दोन घरांसाठी आपण वाकलात की सात नावांच्या चिठ्ठीला नाही म्हणण्याचे तोंड आपल्याला उरत नाही, हा व्यवहारातला भागही लक्षात घ्यावा.

पुराचे एक बरे असते. तो आपली साक्ष भिंतीवर ठेवून जातो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेने ४३ फुटांची धोका पातळी मागे टाकून ५५ फूट ओलांडले, त्यानंतर मी शहराजवळच्या एका गावात काही दिवस पंचनाम्याच्या पथकामागे फिरलो होतो. एका घरात तलाठ्यांनी टेप लावण्यापूर्वी म्हातारीने स्वतःच चुन्याच्या भिंतीवरच्या गाळाच्या रेघेवर बोट ठेवले. रेघ देवळीच्या खालच्या कडेला टेकली होती आणि देवळीतली चिमणी तशीच कोरडी होती. ‘एवढंच आलं बाबा, चिमणीला शिवलं नाही,’ असे ती म्हणाली. शेजारच्या माडीच्या घरात, जिथे रेघ जेमतेम घोट्याएवढी होती, तिथे मात्र कंबरभर पाण्याचे वर्णन बराच वेळ चालले होते.

आता भाडेकरूंविषयी. पडलेल्या घराची भरपाई घरमालकाच्या नावे जाते हे खरे आहे, परंतु कपडे, भांडी आणि धान्य गेल्याबद्दलची मदत ही त्या घरात राहणाऱ्या कुटुंबाची असते. ग्रामपंचायतीच्या आठ नंबरच्या उताऱ्यावर नाव नाही एवढ्यावरून त्यांना दारातूनच परत पाठवले जाते, तेव्हा शिधापत्रिका, वीजबिल, शेजाऱ्यांचा जबाब यांपैकी जे हाती असेल ते पंचनाम्याला जोडून घेणे हे आपले काम. त्यांनी आपल्याविरुद्ध प्रचार केला म्हणून तर ते अधिक काळजीने करावे. आणि पंचनाम्यांची एकत्र यादी झाली की ती चावडीवर मोठ्याने वाचून दाखवण्याचा आग्रह धरावा. सात नावांची चिठ्ठी खासगीत फार जोरकस असते, चावडीवर तिचा आवाज निघत नाही.

नियमच चुकीचा असेल तर काय, असेही आपण विचाराल. २०१९ मध्ये मोफत धान्यासाठी घर दोन दिवसांहून अधिक काळ पाण्याखाली असण्याची अट शासन निर्णयात होती आणि तिच्यावर राज्यभर टीका झाली. ती टीका रास्तच होती, कारण पीठ भिजायला एक तासही पुरतो. अशा वेळी खोटे दोन दिवस लिहून देणाऱ्यापेक्षा खरा एक दिवस लिहून त्यावर तहसीलदारांकडे लेखी हरकत घेणारा सदस्य गावाच्या अधिक उपयोगी पडतो, कारण पहिल्याने दोन घरे सावरतात आणि अट पुढच्या पुरापर्यंत तशीच राहते. याच काळात मदतीच्या धान्याच्या पाकिटांवर नेत्यांची छायाचित्रे चिकटवल्याचेही प्रकरण गाजले होते. उजव्या हाताचे डाव्याला कळू नये ही शिकवण असलेल्यांना त्यात काय खटकावे हे सांगायला नको. मला तर त्यात उतारशाळेचा रक्षकच शोमरोन्याचा अंगरखा घालून फिरताना दिसला. एसटीच्या थांब्यावर ‘अमुक आमदारांच्या सौजन्याने’ अशी पाटी दिसते तेव्हाही मला तोच अंगरखा आठवतो.

प्रश्न : विधानसभेचे एक इच्छुक उमेदवार रविवारच्या उपासनेनंतर आमच्या मंडळीसमोर बोलू इच्छितात. ते स्वतः ख्रिस्ती नाहीत, परंतु ‘ख्रिस्ती मूल्यांचे रक्षण करणाऱ्याला मत द्या’ असे आवाहन करणार आहेत. मंडळीचा कारभार पाहणाऱ्या वडील मंडळात दोन मते पडली आहेत. आपले मत कळवावे. (कोल्हापूर शहर)

उत्तर : माझे मत कळवण्याआधी कायद्याचे सांगतो. उमेदवाराच्या किंवा त्याच्या प्रतिनिधीच्या तोंडून धर्माच्या नावावर मत मागणे हा लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम १२३ (३) प्रमाणे भ्रष्ट आचार आहे. या कलमातला ‘त्याचा धर्म’ म्हणजे कोणाचा, यावर बरीच वर्षे वाद होता. २ जानेवारी २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या घटनापीठाने चार विरुद्ध तीन अशा बहुमताने ठरवले की त्यात उमेदवाराप्रमाणे मतदाराचाही धर्म येतो. तेव्हा ‘मी ख्रिस्ती नाही, त्यामुळे मला चालते’ ही पळवाट उरलेली नाही. ते प्रकरण आपल्याच राज्यातल्या, मुंबईतल्या सांताक्रूझ मतदारसंघाच्या १९९० च्या निवडणुकीतून उभे राहिले होते, हे आपल्या वडील मंडळाला सांगण्यासारखे आहे. शिवाय आचारसंहितेनुसार मशीद, चर्च, मंदिर किंवा कोणतेही प्रार्थनास्थळ प्रचारासाठी वापरता येत नाही.

ते आले तर त्यांना सलाम करावा, बाकावर इतरांशेजारी बसवावे, गीतांचे पुस्तक हाती द्यावे. बोलायचे असेल तर चौकात सभा घ्यावी आणि तिथे आपण जाऊन प्रश्न विचारावेत. एक प्रश्न मी सुचवतो. १९५० च्या अनुसूचित जातींविषयीच्या राष्ट्रपतींच्या आदेशातील तिसऱ्या परिच्छेदामुळे हा दर्जा आधी फक्त हिंदूंना, १९५६ पासून शिखांना आणि १९९० पासून बौद्धांनाही मिळतो. त्याच वाड्यावस्त्यांतून ख्रिस्ती झालेल्यांना मात्र मिळत नाही. याबद्दल त्यांचे म्हणणे काय? उत्तर कोणतेही येवो, त्यातून त्यांच्या मूल्यांची ओळख उपासनेनंतरच्या भाषणापेक्षा नक्कीच चांगली होईल.

प्रश्न : माझ्या पगारातून दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये व्यवसाय कर म्हणून कापले जातात. मी मंडळीत दशांश देतो, ओळखीच्या गरजूंनाही देतो. परोपकार हा मनाने करायचा असतो. सरकारने तो पगारातून कापून घेणे यात ख्रिस्ती काय आणि न्याय्य काय? (एक तरुण वाचक, उद्यमनगर)

उत्तर : आपण नेमका तोच कर निवडलात ज्याचा इतिहास आपल्या शेजारच्या जिल्ह्यात सुरू होतो. सांगली जिल्ह्यातले वि. स. पागे हे १९६० पासून १९७८ पर्यंत विधान परिषदेचे सभापती होते. काम मागणाऱ्याला काम देणे ही शासनाची जबाबदारी असावी, ही त्यांची कल्पना आधी तासगाव भागात लहान प्रमाणावर करून पाहिली गेली. १९७२ च्या दुष्काळात ती राज्यभर उभी राहिली आणि पुढे १९७७ मध्ये महाराष्ट्र रोजगार हमी कायदा झाला. २००५ मध्ये केंद्राने कायदा केला तेव्हा समोर हाच अनुभव होता. या हमीसाठी पैसा कोठून आणायचा म्हणून १९७५ मध्ये व्यवसाय कर बसवला गेला. म्हणजे शहरात कायम नोकरी असलेल्याने खडी फोडायला जाणाऱ्या अनोळखी माणसासाठी थोडे द्यायचे, असा तो सौदा होता, आणि विशेष म्हणजे तो सर्व पक्षांनी मिळून मान्य केला होता.

आपण ओळखीच्या गरजूंना देता हे चांगलेच आहे. परंतु ‘ओळखीच्या’ हा शब्द पुन्हा वाचून पाहावा. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या विसाव्या अध्यायात द्राक्षमळ्याचा धनी संध्याकाळी बाजारात जातो तेव्हा काही मजूर अजून उभेच असतात. दिवसभर रिकामे का उभे राहिलात असे विचारल्यावर ते म्हणतात, आम्हाला कोणी कामावर लावलेच नाही. सकाळी आठ वाजता मजूर अड्ड्यावरून जावे. मुकादमाच्या ओळखीचे, धट्टेकट्टे गडी पहिल्या टेम्पोत जातात. साडेदहाला जे उरतात त्यांत म्हातारे, नवखे आणि परगावचे असतात, आणि डबा मात्र त्यांनीही पहाटेच बांधून आणलेला असतो. धन्याने त्यांनाही पूर्ण दिवसाची मजुरी दिली तेव्हा सकाळपासून राबलेले कुरकुरले. त्यांची कुरकुर मला पूर्वी बरोबर वाटायची. धन्याने त्यांच्या ठरलेल्या मजुरीतून एक पैसाही कापला नव्हता, हे मला उशिरा दिसले.

रोजगार हमीत खोटे हजेरीपट झाले, मेलेल्यांच्या नावावर मजुरी उचलली गेली, हे मी नाकारत नाही. त्याबद्दल चिडायचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे, आणि तो त्या २०० रुपयांमुळेच अधिक पक्का झाला आहे. मनाने दिलेल्या दानाचा हिशेब मागताना आपण संकोचतो, कराचा हिशेब मागताना संकोचण्याचे कारण नसते.

प्रश्न : शाहू महाराजांच्या कोल्हापुरात न्याय आणि मदत शिकवायला ख्रिस्ती मूल्ये वेगळी कशाला हवीत?

उत्तर : वेगळी नकोतच. २६ जुलै १९०२ रोजी राज्याच्या नोकऱ्यांतील ५० टक्के जागा मागासलेल्यांसाठी राखणारे महाराज काही शुभवर्तमान वाचून तो जाहीरनामा काढत नव्हते. फक्त एवढे लक्षात घ्यावे की त्यांनीही दयेवर विसंबून राहणे टाळले. १९१९ मध्ये दवाखान्यांत अस्पृश्यांना इतरांसारखेच वागवावे असा हुकूम काढताना, ज्या अधिकाऱ्यांना हे मान्य नसेल त्यांनी राजीनामा द्यावा, असेही त्यांनी त्यात बजावले. गंगाराम कांबळे यांना हौदाला शिवल्याबद्दल मारहाण झाली, त्यानंतर महाराजांनी त्यांना चहाचे दुकान काढायला पैसे दिले, हे प्रत्येक कोल्हापूरकराला ठाऊक आहे. तेवढ्यावर थांबले असते तर ते दान झाले असते. महाराज भाऊसिंगजी रोडवरच्या त्या दुकानासमोर गाडी थांबवून चहा मागवत, स्वतः पीत आणि बरोबरच्या मानकऱ्यांच्या हातीही कप देववत. आणि त्यांना तो सगळ्या रस्त्यादेखत प्यावा लागे.