‘बसेल’ म्हणून विकलेलं ग्राफिक्स कार्ड बसलं नाही, तर पैसे परत मिळतात का?

प्रश्न : मी कणकवलीत राहतो. घरच्या ब्रँडेड डेस्कटॉपवर लग्नाच्या व्हिडिओंचं एडिटिंग करतो, घर त्यावरच चालतं. कोल्हापुरातल्या एका दुकानदाराला व्हॉट्सॲपवर कॉम्प्युटरचं मॉडेल आणि उघड्या कॅबिनेटचा फोटो पाठवून ‘यात कुठलं कार्ड बसेल?’ असं विचारलं. ‘आरटीएक्स 4060 घ्या, बसेल, काही बदलावं लागणार नाही,’ असं त्याचं उत्तर आलं. 31,500 रुपये भरले. आता कार्ड लांबीला अडतं आणि पॉवर सप्लायला त्यासाठीची वायरच नाही. दुकानदार म्हणतो, कार्डात खोट नाही, बिलावर ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ असं छापलंय, हवं तर कन्व्हर्टर (दुसऱ्या प्लगांतून कार्डाला वीज देणारी जोडवायर) फुकट देतो. कार्ड घेऊन आठ दिवस झाले. काय करावं?

उत्तर : सगळ्यात आधी, तो कन्व्हर्टर लावू नका. कॅबिनेटचा पत्रा कापून कार्ड बसवायचा विचारही नको. याची कारणं दोन, एक विजेचं आणि एक कायद्याचं.

तुमच्या पॉवर सप्लायच्या लेबलवर 300 वॅट लिहिलंय असं तुम्ही कळवलंय. 4060 स्वतः 115 वॅटच्या आसपास घेतं, पण त्याची चिप बनवणाऱ्या एनव्हिडिया कंपनीची शिफारस 550 वॅटच्या सप्लायची आहे. मदरबोर्डच्या, म्हणजे मुख्य सर्किट बोर्डाच्या, स्लॉटमधून जास्तीत जास्त 75 वॅट मिळतात, बाकीची वीज आठ पिनच्या वायरने यावी लागते. ती वायर 150 वॅटपर्यंत देते. फुकटचा कन्व्हर्टर मात्र सॅटाच्या, म्हणजे हार्डडिस्कला वीज देणाऱ्या, प्लगांतून वीज ओढतो आणि सॅटाच्या एका प्लगची मर्यादा 12 व्होल्टला 54 वॅट आहे. दोन जोडले तरी 108. असे प्लग तापून वितळू शकतात. सप्लाय बदलून घ्या, असंही दुकानदार सुचवेल. पण अनेक ब्रँडेड मशीनच्या मदरबोर्डला नेहमीचा 24 पिनचा प्लग नसतो, त्यामुळे बाजारातला साधा सप्लाय तिथे लागतच नाही.

आता कायदा. माल विक्री अधिनियम, 1930 चं कलम 42 सांगतं की खरेदीदाराने माल आपलाच असल्यासारखं त्याचं काही केलं, किंवा नाकारतोय हे न कळवता वाजवी मुदतीपलीकडे ठेवून घेतला, तर त्याने तो स्वीकारला असं धरतात. मग माल परत करून पूर्ण पैसे मागायचा हक्क जातो, फक्त नुकसानभरपाई उरते. म्हणून नकार आजच्या आज लेखी कळवा. व्हॉट्सॲप, ईमेल आणि पोच पावतीसह स्पीड पोस्ट, तिन्हीकडून. कलम 43 प्रमाणे नाकारलेला माल परत नेऊन देण्याची जबाबदारी तुमची नाही, कळवणं पुरेसं आहे. कार्ड घेऊन घाट चढायची गरज नाही.

तुमची बाजू उभी राहते ती तुमच्या त्या प्रश्नावर. कलम 16 नुसार, खरेदीदाराने कशासाठी वस्तू हवी हे सांगितलं, तो विक्रेत्याच्या जाणकारीवर विसंबला आणि विक्रेता त्याच मालाचा व्यापार करतो, तर वस्तू त्या कामाला योग्य असेल ही अट विक्रीत गृहीत असते. मात्र याच कलमात एक अपवाद आहे. ठरावीक वस्तू तिच्या व्यापारी नावाने मागितली तर ही अट लागू होत नाही. तुम्ही नुसतं ‘4060 आहे का?’ विचारलं असतं तर मी तुम्हाला भांडायला सांगितलं नसतं. तुम्ही ‘कुठलं बसेल?’ विचारलंत, फोटो दिलात आणि निवड त्याने केली.

‘कार्डात खोट नाही’ हा बचाव म्हणूनच टिकत नाही. ग्राहक संरक्षण अधिनियम, 2019 मधल्या दोषाच्या व्याख्येत करारानुसार किंवा विक्रेत्याच्या दाव्यानुसार जे असायला हवं त्यातली उणीवही येते. बिलावरची छापील ओळ विनाकारण मन बदलणाऱ्या गिऱ्हाइकासाठी ठीक आहे. दुकानदाराने स्वतः लिहून दिलेला शब्द तिने पुसला जात नाही.

तो आणखी एक मुद्दा काढेल, की तुम्ही व्यवसायासाठी घेतलं, म्हणून तुम्ही ग्राहकच नाही. स्वयंरोजगारातून केवळ उपजीविकेसाठी घेतलेली वस्तू या कायद्यात व्यापारी हेतूची धरत नाहीत. तुम्ही एकटे काम करता आणि घर त्यावर चालतं, हे तक्रारीच्या पहिल्याच परिच्छेदात लिहा.

पुरावा आजच गोळा करा. चॅटमधले मेसेज आपोआप पुसण्याची सोय बंद करा, चॅट एक्सपोर्ट करा. भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 च्या कलम 63 खालचं, डिजिटल पुराव्यासाठीचं प्रमाणपत्र जोडा. त्याचा भाग अ तुम्ही भरायचा, भाग ब तज्ज्ञाने. पॉवर सप्लायच्या लेबलचा स्पष्ट फोटो काढा. स्लॉटच्या पट्टीपासून समोरच्या अडथळ्यापर्यंत मोजपट्टी लावून फोटो घ्या आणि तसाच कार्डाचा घ्या. बिल, खोका आणि कार्ड यांवरचा सीरियल नंबर जुळतो का तेही बघा. प्रयोगशाळेच्या तपासणीची गरज इथे पडू नये, लेबल आणि मोजपट्टीच बोलतात. कार्ड अँटीस्टॅटिक पिशवीत, सिलिका जेलची पुडी टाकून, खोक्यात बंद ठेवा. आपल्याकडच्या दमट हवेत ब्रॅकेटवर गंज चढला की ‘वापरलेला माल’ म्हणायला त्याला निमित्त मिळेल.

नकार कळवणाऱ्या त्या लेखी नोटिशीत 15 दिवसांची मुदत द्या. उत्तर आलं नाही तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. तिथे बरेचदा समेट होतो, पण तो आदेश नव्हे. पुढची पायरी जिल्हा ग्राहक आयोग. दुकान कोल्हापुरात असलं तरी 2019 च्या कायद्याने तुम्ही राहता त्या जिल्ह्यात, म्हणजे सिंधुदुर्गाचं मुख्यालय असलेल्या ओरोसला दाखल करता येतं. 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील सक्तीचा नाही, ग्राहक आयोगांच्या ई-जागृती पोर्टलवरून ऑनलाइनही चालतं. मुदत दोन वर्षांची आहे, पण तितकं थांबू नका. मागणीत किंमत, व्याज, खर्च आणि मनस्तापाची भरपाई वेगवेगळी लिहा. आकडे वाजवी ठेवा, फुगवलेल्या मागणीने चांगली तक्रार कमकुवत दिसते.

मधल्या काळात दुकानदार बदलून द्यायला तयार झाला तर माझ्या मते ते घ्यावं, पण अटी लिहून घ्या. आरटीएक्स 3050 चं 6 जीबीचं मॉडेल 70 वॅटचं आहे, बहुतेक कार्डांना वेगळी वायर लागत नाही आणि आखूड आवृत्त्याही मिळतात. 4060 पेक्षा ते बरंच हळू आहे, हे लक्षात घेऊनच ठरवा. फरकाची रक्कम बँक खात्यात घ्या, क्रेडिट नोट नको. नव्या बिलावर तुमच्या कॉम्प्युटरचं मॉडेल आणि ‘या मशीनमध्ये चालेल, न चालल्यास पूर्ण रक्कम परत’ हे वाक्य सहीशिक्क्यासह लिहून घ्या, आणि जुनं कार्ड त्याच्या पावतीशिवाय हातचं सोडू नका.