ज्यू लोक रोज म्हणतात ती ‘शेमा’ प्रार्थना नेमकी काय आहे?

‘शेमा’ म्हणजे हिब्रूत ‘ऐक’. पहिलं वाक्य अवघ्या सहा शब्दांचं: ‘शेमा यिस्राएल, अदोनाय एलोहेनू, अदोनाय एखाद’. म्हणजे ऐक इस्राएला, परमेश्वर आपला देव, परमेश्वर एकच. गंमत अशी की यात देवाकडे काहीच मागितलेलं नाही. बोलणं देवाशी नाहीच, आपल्याच लोकांशी आहे. म्हणून मी तिला प्रार्थनेपेक्षा श्रद्धेची ग्वाही म्हणेन.

पूर्ण शेमात तोराहमधले, म्हणजे ज्यूंच्या पवित्र ग्रंथातले तीन उतारे येतात, दोन त्यातल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकातले (६:४-९ आणि ११:१३-२१) आणि एक ‘गणना’ नावाच्या पुस्तकातला (१५:३७-४१). ‘झोपताना आणि उठताना हे बोल’ असं पहिल्याच उताऱ्यात आहे, म्हणून ती सकाळ-संध्याकाळ म्हणतात. पहिलं वाक्य म्हणताना उजव्या हाताने डोळे झाकतात, लक्ष विचलित होऊ नये म्हणून. दाराच्या चौकटीवर तिरकी लावलेली छोटी डबी पाहिली असेल, ती मेझुझा. तिच्यातल्या चर्मपत्रावर यातलेच पहिले दोन उतारे हाताने लिहिलेले असतात. मरणाच्या वेळीही ओठांवर शेमा असावा अशी रीत आहे.

आपल्याकडचा धागा म्हणजे कोकणातले ज्यू, म्हणजे बेने इस्रायली, पूर्वी तेलाचे घाणे चालवणारे आणि शनिवारी काम बंद ठेवणारे, म्हणून ‘शनिवार तेली’. परंपरा सांगते की ते हिब्रू जवळपास विसरले होते, पण शेमाचं ते पहिलं वाक्य विसरले नव्हते. लग्न असो वा सुंता, प्रत्येक विधीत तेच म्हणायचे.